वेदीसमोरचे तीन प्रश्न घरीच सोडवा: ख्रिस्ती तरुण-तरुणींनी लग्नाची वेळ कशी ठरवावी

कॅथलिक विवाहविधीत शपथा घेण्याआधी धर्मगुरू वधूवरांना तीन प्रश्न विचारतात. कुणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या मर्जीने इथे आला आहात का? मरेपर्यंत एकमेकांवर प्रेम करायला, एकमेकांचा मान राखायला तयार आहात का? देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकारून ख्रिस्ताच्या शिकवणीत वाढवाल का? (उतारवयातल्या जोडप्याला तिसरा प्रश्न विचारत नाहीत.) प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या विधीत शब्द वेगळे असले तरी मर्जीने आणि मरेपर्यंत या दोन गोष्टी तिथेही विचारल्या जातात.

अडचण अशी की हे प्रश्न येतात तेव्हा बाहेर बँडवाले उभे असतात, कॅमेऱ्याचा दिवा डोळ्यांवर असतो आणि हॉलवर चारशे पानांचा स्वयंपाक शिजलेला असतो. त्या घटकेला ‘होय’खेरीज दुसरं उत्तर निघत नाही. म्हणून ते प्रश्न आत्ता, घरात, एखाद्या साध्या मंगळवारी वाचायचे. तिन्हींना दोघांचंही ‘होय’ येतंय, आणि त्यामागे सांगण्यासारखं काही आहे, असं झालं की लग्नाची वेळ आली. तारीख त्यानंतरची गोष्ट. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं. मे महिन्यातला हॉल मिळतोय म्हणून साखरपुडा उरकतात आणि मग मुलामुलीला म्हणतात, आता बोला एकमेकांशी.

आधी लग्न करायचं का, ते ठरवा

हा टप्पा थोडक्यात, पण गाळू नका. बायबलच्या नव्या करारात अविवाहित राहणं कमी दर्जाचं मानलेलं नाही. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन्ही गोष्टींना देवाची देणगी म्हटलं आहे आणि मत्तय १९ मध्ये येशूही तसंच बोलतो. कुणाला धर्मगुरू किंवा सिस्टर होण्याची ओढ असेल, कुणाला एकट्याने राहून काम करावंसं वाटत असेल, तर त्याचा सोक्षमोक्ष स्थळं बघण्याआधी लावावा. ‘तीस उलटली, आता काय’ एवढ्या एका कारणावर केलेलं लग्न पहिल्याच प्रश्नाला अडकतं.

वयाची कायदेशीर रेषा सरळ आहे: मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. कॅथलिक चर्चच्या कायद्यात विवाह वैध धरण्यासाठी वयाची खालची मर्यादा मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १४ अशी लिहिलेली आढळते. ती बघून कुणी वाद घातला तरी उपयोग नाही, भारतात देशाचा कायदाच लागू होतो आणि त्याहून लहान जोडप्याचं लग्न फादर लावणार नाहीत. वरची मर्यादा कुठेच नाही.

पहिला प्रश्न: मर्जी तुमचीच आहे ना?

दबाव म्हणजे बापाने काठी घेऊन उभं राहणं, असं चित्र डोळ्यासमोर येतं. कोकणात तो बहुधा मायेच्या वेषात येतो. ‘आजी आहे तोवर बघू दे.’ ‘धाकटीचं खोळंबलंय.’ ‘मुलगा जहाजावरून दीड महिना उतरलाय, पुन्हा नऊ महिने मिळायचा नाही.’ ‘मुंबईवाल्या काकांनी शब्द दिलाय.’ या सगळ्यात प्रेम आहे, खोटेपणा नाही. तरीही लग्न करण्याचं हे कारण होऊ शकत नाही. लवकर करण्याचं तर नाहीच.

दिवस गेले म्हणून घाईने लावलेलं लग्न हा वेगळा आणि नाजूक विषय. चर्च असा आग्रह धरत नाही. उलट भीतीपोटी किंवा जबरदस्तीने दिलेली संमती चर्चच्या कायद्यात संमतीच धरली जात नाही. मुलाची जबाबदारी घ्यायची ती घ्यायचीच, पण लग्नाचा निर्णय आठवडाभरात दोन्ही घरांच्या अब्रूसाठी होऊ नये. अशा वेळी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांकडे किंवा पाळकांकडे घरच्यांच्या आधी गेलेलं बरं. मुलगी अठराच्या आत असेल तर हा मामला पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली येतो. तिथे घाईचं लग्न उपाय ठरत नाही, दुसरा गुन्हा ठरतो.

मग मर्जी तपासायची कशी? प्रार्थना करायची हे खरं, पण ती करायची रीत आहे. देवळात कौल लावतात तसं डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ स्थळाला लावायची, हा प्रकार बंद करा. प्रार्थनासभेत कुणाला ‘दर्शन’ झालं म्हणून होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात निर्णयासाठी घालून दिलेली पद्धत आजही सगळ्यात व्यवहारी आहे. ती अशी.

एका कागदावर चार रकाने पाडा: या व्यक्तीशी या वर्षी लग्न केल्याचे फायदे, तोटे, न केल्याचे फायदे, तोटे. दोघांनी वेगवेगळे लिहा आणि एकमेकांना दाखवू नका. मग कल्पना करा की अगदी अनोळखी माणूस हाच कागद घेऊन तुमच्याकडे आलाय. त्याला काय सांगाल? नंतर मरणशय्येवरून मागे वळून बघताना आज काय केलेलं असावं असं वाटेल, ते लिहा. कागद दोन आठवडे ठेवून पुन्हा वाचा. नोव्हेना (सलग नऊ दिवसांची प्रार्थना) करायचा असेल तर याच दिवसांत करा. नऊ दिवसांत रोज एक रकाना समोर ठेवून प्रार्थना केली तर मन भरकटत नाही.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा: मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. घरात मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, आधीचं जुळलेलं मोडलंय, अशा वेळी नवं काही पक्कं न करणंही त्याच शहाणपणातलं. दुःखात माणसाला लग्न हा आधार वाटतो. पुढे सावरल्यावर त्याला समोरचं माणूस पहिल्यांदा नीट दिसतं. तीन-चार महिने जाऊ द्यावेत.

एक खूण मात्र पक्की समजा. ‘थांबूया’ म्हटल्यावर समोरचा चिडतो, धमकावतो किंवा जिवाचं बरंवाईट करीन म्हणतो, तर वेळ आलेली नाही. हे माणूसच योग्य आहे का, हा प्रश्न तिथे आधी सोडवायला हवा.

दुसरा प्रश्न: मरेपर्यंत

याचं उत्तर देण्याआधी माणूस ओळखीचं हवं. किती ओळखीचं? ठरवून जुळवलेलं स्थळ असो की प्रेमाचं, पहिल्या भेटीपासून साखरपुड्यापर्यंत निदान सहा महिने आणि साखरपुड्यापासून लग्नापर्यंत सहा महिने ते वर्ष, हे प्रमाण बरं. सहा महिन्यांहून कमी झालं तर तयारीत फक्त साड्या आणि पत्रिका होतात. दोन वर्षांहून जास्त लांबलं तर गावात बोलबाला होतो, दोघांवरचा ताण वाढतो आणि शुद्ध राहण्याचा जो निश्चय केलेला असतो तो रोज पणाला लागतो. बायबलमधल्या गीतरत्नात ‘प्रेमाला आपणहून इच्छा होईपर्यंत जागवू नका’ असं तीनदा येतं, ते उगीच नव्हे.

त्या काळात एक पावसाळा आणि एक लग्नसराई यावी, असं बघा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागलेल्या, जून-जुलैत मासेमारी बंद, आंब्याचे पैसे संपत आलेले, तीन दिवस वीज नाही. त्या कोंडलेल्या घरात माणूस कसं वागतं ते दिसतं. लग्नसराईत दुसऱ्याच्या मांडवात ते कसं वागतं, हेही दिसतं: किती पितं, प्यायल्यावर कुणाशी भांडतं, आईला सगळ्यांसमोर कसं बोलतं, वाढप्यांशी कसं बोलतं.

दारूचं आडून आडून नको, उघड विचारा. ‘घेता का?’ याला सगळे ‘कधीतरी’ म्हणतात. ‘आठवड्यात किती दिवस? एकटे असताना घेता का? कामावर खाडा पडलाय का?’ असं विचारलं की खरं कळतं. व्यसन असेल आणि सोडलं असेल तर निदान पूर्ण एक वर्ष कोरडं गेल्यावरच साखरपुड्याचा विषय काढावा. ‘लग्न झालं की सुधारेल’ या वाक्यावर किती पोरींचं आयुष्य गेलं, त्याची मोजदाद कुठल्याच नोंदवहीत नाही. जुगार आणि मोबाइलवरचे पैशांचे खेळही याच रांगेत. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट दोघांनी एकमेकांना दाखवलं तर ते आपोआप कळतं.

पैशाकडे आलो. नीतिसूत्रे २४:२७ मध्ये सांगितलंय की आधी बाहेरचं काम आटप, शेत तयार कर, मग आपलं घर बांध. याचा अर्थ बंगला झाल्याशिवाय लग्न नको, असा नाही. दोघांपैकी एकाची तरी मिळकत नियमित हवी, लग्नखर्च बाजूला काढल्यावर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत शिल्लक हवा आणि लग्नासाठी कर्ज नको. नियमित म्हणजे दरमहाच, असंही नाही. होडीवर किंवा बागेवर जगणाऱ्याची मिळकत हंगामी असते. त्याने बारा महिन्यांचा हिशेब मांडून पावसाळ्याचे चार महिने कशावर निघतात, ते दाखवता आलं म्हणजे झालं.

कर्जाचा आकडा एकदा डोळ्यांखालून घालाच. सहा लाख रुपये १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे १३,३५० रुपये पडतो आणि परतफेड आठ लाखांवर जाते. म्हणजे पहिलं मूल शाळेत जायच्या वयाचं होईपर्यंत आईबाप रिसेप्शनचे पैसे फेडत राहणार. रोस (लग्नाआधी वधूवरांना नारळाचं दूध लावण्याचा विधी), मांडव, बँड, वाडीजेवण यांना कुणाची ना नाही, ती आपली रीत आहे. पण मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि दोन साक्षीदार एवढ्यावर लग्न पूर्ण होतं. बाकीचं ऐपतीप्रमाणे. आणि मुलीकडून रोख, सोनं किंवा गाडी ‘मुलीच्या हौसेसाठी’ मागितली जात असेल तर १९६१ च्या कायद्यात त्याचं नाव हुंडा असंच आहे, मागणारा मिस्सेला पहिल्या बाकावर बसत असला तरी.

आता घर. ‘पुरुष आपल्या आईबापांना सोडून आपल्या बायकोशी जडून राहील’ हे उत्पत्ती २:२४ मधलं वाक्य कितीतरी लग्नांत वाचलं जातं आणि बहुतेक लग्नांत तिथेच राहतं. कोकणातलं वडिलोपार्जित घर म्हणजे चार भावांचे हिस्से, त्यातले दोघे मुंबईत, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव. वेगळं घर शक्य नसेल तर निदान तीन गोष्टी लग्नाआधी ठराव्यात: आतून कडी लागणारी एक खोली दोघांची असेल; नवऱ्याचा पगार आधी कुणाच्या हातात जाईल आणि घरात किती द्यायचं, त्याचा आकडा; आणि दोघांच्या भांडणात आईवडील पडणार नाहीत. ही बोलणी मुलाने स्वतः आईशी करायची, होणाऱ्या बायकोला पुढे करून नाही. ‘आई, तुझ्याकडे बघणं माझ्याकडे आहेच, पण आमच्या दोघांतलं आमच्यात राहू दे’ एवढं वाक्य ज्याच्या तोंडून निघत नाही, त्याने अजून सहा महिने घ्यावेत.

जहाजावरच्या आणि आखाती देशांतल्या मुलांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर बरीच स्थळं अशीच असतात. उतरण्याच्या तारखेनंतर दहा दिवसांनी लग्न, असा बेत करू नका. बदली माणूस वेळेवर येत नाही, जहाज भलत्याच बंदरात जातं, मग चर्च, हॉल, पत्रिका सगळं कोसळतं. निदान एक महिना मोकळा धरा. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:५) नव्या लग्नाच्या माणसाला वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून बायकोला आनंद द्यावा, असा नियम आहे. वर्ष जमणार नाही हे ठाऊक आहे. पण लग्नानंतर तीन आठवड्यांत परत चढायचं असेल तर पुढच्या सुट्टीपर्यंत थांबणं दोघांच्याही फायद्याचं. नाहीतर ती मुलगी ओळख नसलेल्या सासरी नऊ महिने नवऱ्याच्या फोनची वाट बघत काढते.

तिसरा प्रश्न: मुलं

‘कधी’ आणि ‘किती’ यावर दोघांचं मत वेगळं असलं तर वाट काढता येते. ‘मुलं नकोतच’ असं एकाने मनात पक्कं धरलं आणि सांगितलं नाही, तर कॅथलिक चर्चच्या दृष्टीने विवाहाच्या वैधतेलाच धक्का बसतो. मोठा आजार, आधीचं मूल, मूल होण्यातली माहीत असलेली अडचण यांचंही तसंच. लपवून घेतलेली संमती पुढे चर्चच्या धर्मन्यायालयात टिकेलच असं नाही. साखरपुड्याआधी सांगा, एकदाच, सविस्तर.

त्याच वेळी रक्त तपासून घ्या. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचपीएलसी चाचणी असते. दोघेही थॅलेसेमिया मायनर (म्हणजे वाहक) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर (म्हणजे गंभीर आजारी) होण्याची शक्यता २५ टक्के. पालघरकडच्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांनी सिकलसेलचीही तपासणी करावी, तिथेही हिशेब हाच. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि रक्तगट सोबत होतात. साखरपुड्यानंतर केलेल्या चाचणीचा उपयोग नाही. तेव्हा रिपोर्ट काहीही आला तरी दोन्ही घरं ‘आता माघार कशी घ्यायची’ म्हणत पुढे रेटतात. सख्ख्या मामाची किंवा आत्याची मुलगी करायची असेल तर चर्चमध्ये तो नात्याचा अडथळा आहे आणि बिशपांकडून सूट लागते. ती मिळाली तरी रक्ताच्या नात्यामुळे हे आजार एकत्र येण्याचा धोका तसाच राहतो.

कुटुंबनियोजनाची नैसर्गिक पद्धत विवाहपूर्व शिबिरात शिकवतात. मुलीने पाळीच्या नोंदी निदान तीन महिने आधीपासून ठेवल्या तर ती पद्धत लग्नानंतर वापरता येते. शिबिर लग्नाच्या आदल्या आठवड्यात केलं तर ते शिकणं कागदावरच राहतं.

आता तारीख: कॅलेंडर उलटं मोजा

तिन्ही उत्तरं आली की मग हॉल. त्याआधी धर्मग्राम कुठल्या धर्मप्रांतात (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात) येतो ते बघा, कारण परवानग्या तिथून येतात. वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून स्वतंत्र आहे. रायगड मुंबई महाधर्मप्रांतात येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग २००५ मध्ये झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, त्याचं ठाणं सावंतवाडीला.

आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि उपवासकाळ (राखेच्या बुधवारपासून ईस्टरआधीपर्यंतचा) या दोन काळांत लग्न लावत नाहीत किंवा अगदी साधेपणाने लावतात. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी तर नाहीच. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे नाताळनंतरचा हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा आणि दुसरा एप्रिल-मेचा. जूनमध्ये मांडव घालायचा विचार कोकणातल्या माणसाला सांगून घालवावा लागत नाही.

समजा लग्न शनिवारी ८ मे २०२७ ला आहे. कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून मिस्सेत तीन रविवार नावं वाचायची: ११, १८ आणि २५ एप्रिल, दोघांच्याही धर्मग्रामांत. त्याआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्नावली भरून घेतात. कुणी दबाव आणलाय का, आधी कुठे लग्न लागलंय का, काही लपवलंय का, हे तिथे शपथेवर विचारतात. मनात काही असेल तर सांगायची ती जागा. मुलगी एकटी असते, आई बाहेर असते. फादरांना पहिली भेट मात्र निदान तीन महिने आधी, म्हणजे जानेवारी संपता संपता द्यावी. विवाहपूर्व शिबिर मार्चच्या आत उरकावं. शिबिराच्या तारखा ठराविक असतात आणि एप्रिलमध्ये गर्दी होते.

बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, इथे ८ नोव्हेंबर २०२६ नंतर काढलेला. घरात लॅमिनेट करून ठेवलेला जुना चालत नाही. कारण साधं: ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीत तुमच्या ओळीच्या बाजूला दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि विवाह यांची नोंद करतात. ताजा दाखला म्हणजे त्या समासात दुसऱ्या लग्नाची नोंद नाही याचा पुरावा. सगळ्यात जास्त वेळ खातो तो नावातला फरक. नोंदवहीत ‘जुझे’, आधारवर ‘जोसेफ’, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे जुळवायला प्रतिज्ञापत्र आणि कधीकधी आठवडे लागतात. पासपोर्टवरचं नाव कुठलं आहे, ते आधी बघून मग बाकीचे कागद त्याच्याकडे वळवा. नाहीतर लग्नानंतर बायकोच्या व्हिसाला तीच गाठ आडवी येते.

वेळेचं एक बारीक कलम: १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्नविधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत व्हायला हवा. कॅथलिकांना बिशपांच्या परवान्याने त्यानंतरही लावता येतो, पण साडेसहाची मिस्सा ठरवून नवरी ब्युटी पार्लरमधून सव्वासातला येणार असेल तर फादरांशी आधी बोला. स्वतंत्र मंडळीत लग्न असेल तर पाळकांकडे या कायद्याखालचा परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. परवाना नसलेल्याने लावलेल्या लग्नाची नोंद पुढे अडते. परवानाधारक पाळकांनी लग्नाच्या सूचनेचा दाखला दिल्यापासून दोन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर तो दाखला रद्द होतो आणि सूचना नव्याने द्यावी लागते.

ज्यांना जास्त वेळ धरायला हवा

जोडीदार प्रोटेस्टंट असेल तर कॅथलिक बाजूला बिशपांची परवानगी लागते. बाप्तिस्मा न झालेला असेल, म्हणजे हिंदू, मुसलमान, बौद्ध, तर विशेष सूट लागते. दोन्हीत कॅथलिक व्यक्ती आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन देते, आणि दुसऱ्याला ते कळवलेलं असतं. हे वचन फॉर्म भरताना पहिल्यांदा वाचलं तर भांडण तिथेच सुरू होतं. महिने आधी बोलून घ्या. लग्नासाठी घाईने बाप्तिस्मा घेऊ नका, देऊही नका. प्रौढांची तयारी साधारण वर्षभराची असते आणि तिचा हेतू लग्न हा नसतो. नुसतं नोंदणी लग्न करायचं तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. पण कॅथलिकाने सूट न घेता तेवढंच केलं तर चर्च तो विवाह मानत नाही.

मुलगी पेडण्याची किंवा बार्देशची असेल आणि लग्न गोव्यात लागणार असेल तर रीत बदलते. तिथे आधी नागरी निबंधकाकडे जावं लागतं, चर्च त्यानंतर. शिवाय वेगळा करार केला नाही तर गोव्याच्या नागरी कायद्यात पतिपत्नीची मालमत्ता समाईक धरतात. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे राहणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. करार करायचा तर तो लग्नाआधीच होतो.

एकाचं आधी लग्न झालं असेल तर दोन स्वतंत्र कागद लागतात आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही. कोर्टाचा घटस्फोट असला तरी चर्चने पहिला विवाह रद्दबातल ठरवल्याशिवाय कॅथलिक चर्चमध्ये दुसरा लागत नाही. उलट चर्चचा निकाल हातात असला तरी कोर्टाचा हुकूमनामा नसेल तर दुसरं लग्न देशाच्या कायद्याने गुन्हा ठरतं. दोन्ही कागद हातात येईपर्यंत तारीख, हॉल, अंगठी काहीच नको. विधवा-विधुरांना मृत्यूचा दाखला पुरतो.

पत्रिका वाटल्यावर शंका आली तर

आदल्या आठवड्यात पोटात गोळा येणं सगळ्यांनाच होतं. धास्ती आणि शंका वेगळ्या ओळखायच्या. धास्ती ‘सगळं नीट पार पडेल ना’ अशी असते. शंका माणसाबद्दल असते आणि तिला तारखेसह घटना जोडलेली असते: त्याने हात उगारला, तिने दुसरं नातं लपवलं, कर्ज उघडकीस आलं. दुसऱ्या प्रकारची असेल तर त्याच दिवशी फादरांना किंवा पाळकांना फोन करा. पुढे ढकलायचा अधिकार शपथा घेईपर्यंत तुमचा आहे. घरी एकटीने सांगायचं बळ नसेल तर एखाद्या मावशीला किंवा काकांना सोबत घ्या, धर्मगुरूंनाच घरी बोलावून त्यांच्यासमोर सांगितलं तर आरडाओरडा कमी होतो. पाहुण्यांना कारण सांगायची गरज नाही, ‘लग्न पुढे ढकललं आहे’ एवढा निरोप दोन्ही घरांनी एकाच दिवशी पाठवावा. हॉल आणि केटररला लेखी कळवा, म्हणजे आगाऊ रकमेतलं काही परत मिळण्याची शक्यता राहते. मिळालेले दागिने आणि आहेर यादी करून, दोघा वडीलधाऱ्यांच्या सह्यांनिशी परत द्या. पुढे पुन्हा ठरलंच तर बाप्तिस्म्याच्या दाखल्याची तारीख बघा. सहा महिने उलटले असतील तर तो नव्याने काढावा लागतो, आणि नावं पुन्हा वाचायची का, ते धर्मग्रामाच्या ऑफिसात विचारून घ्या.